यंत्राचा ठेका आणि व्हायोलिनचा गज

ब्रिस्टल हे इंग्लंडच्या पश्चिमेकडील एक जुने बंदर. तेथील 'मॅसिव्ह अटॅक' नावाच्या एका गटाने १९९१ सालच्या फेब्रुवारीत 'अनफिनिश्ड सिंपथी' हे गीत प्रसिद्ध केले. शूबर्टच्या अपूर्ण राहिलेल्या सिंफनीच्या नावावर केलेली ही उघड कोटी होती. आखाती युद्धाचे ते दिवस. 'अटॅक', म्हणजे हल्ला, हा शब्द नभोवाणीवर उच्चारणे अडचणीचे झाल्यामुळे गटाने तेवढ्यापुरते आपले नाव नुसते 'मॅसिव्ह' असे आखडून घेतले होते. ही मंडळी पेशाने वादक नव्हती. तबकड्या फिरवून, एकीचा ठेका दुसरीच्या सुरावटीशी जोडून नाचाच्या मेळाव्यांत रंग भरणे, हा त्यांचा मूळचा उद्योग.

ह्या गीतातील व्हायोलिनांचे काम त्यांनी प्रथम सिंथेसायझर ह्या यंत्राकडूनच करवून घेतले होते. पण ऐकताना काही तरी उणे वाटू लागले, आणि मग विल मेलोन ह्यांना पाचारण करण्यात आले. मेलोन हे मुरलेले संयोजक. 'ब्लॅक सॅबथ' ह्या दणदणीत रॉक-गटासाठीही त्यांनी १९७३ साली व्हायोलिने लिहिली होती. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चाळीसएक वादक बसले, मेलोन ह्यांनी लिहिलेले कागद त्यांच्यापुढे मांडले गेले आणि यंत्राने केलेल्या कच्च्या कामाच्या जागी खरे गज फिरले. खर्च मात्र ठरल्या रकमेच्या बाहेर गेला. तो भागविण्यासाठी गटाला आपली मोटार विकावी लागली, अशी हकीकत त्या मंडळींकडूनच पुढे सांगण्यात आली.

नाचाच्या एका गाण्यासाठी मोटार विकावी असे त्या व्हायोलिनांत काय होते? शिवाय ज्या संगीताचा सारा डोलारा यंत्रावर उभा, त्याला चाळीस माणसांच्या हातांची गरज का भासावी?

गीताची बांधणी पाहिली तर उत्तराचा पहिला धागा हाती लागतो. आरंभी घंटेसारखा एक किणकिणाट आणि चर्मवाद्यांचा जोरकस ठेका ऐकू येतो. ह्यातील काही भाग जे. जे. जॉन्सन ह्यांनी १९७४ सालच्या एका अमेरिकन चित्रपटासाठी केलेल्या संगीतातून उचललेला आहे. मध्येच उमटणारी एक मानवी हाक 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'च्या १९७६ सालच्या तबकडीवरची आहे. जुन्या तबकडीतील असा तुकडा कापून घेऊन त्याचे चक्र फिरवीत ठेवावयाचे, ह्याला त्या धंद्यात 'सँपलिंग' म्हणतात. उचललेला तुकडा पहिल्या आवर्तनात जसा वाजतो तसाच शंभराव्या आवर्तनात वाजतो. त्यात दम लागत नाही, चूक होत नाही, आणि उत्साहही वाढत नाही. शारा नेल्सन ह्यांचा आर्त आवाज ह्या चक्रावर येतो, आणि त्याच्या मागून व्हायोलिने हळूहळू वर चढू लागतात.

तबल्याच्या एकल वादनात सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा अखंड धरलेला असतो. लेहरा जागचा हलत नाही. तबला त्याच्या भोवती हिंडतो आणि समेवर परत येतो. ब्रिस्टलच्या ह्या गीतात नेमका उलटा व्यवहार आहे. येथे ठेका हाच लेहरा झाला आहे आणि हिंडण्याचे काम गजाच्या वाद्यांकडे आले आहे. ठेका तोच, पण त्याखालील व त्यावरील स्वरसंगती बदलली की तोच ठेका कधी उदास वाटतो, तर कधी धीराचा. गीत पुढे सरकते आहे, ही जाणीव श्रोत्याला येते ती व्हायोलिनांमुळे. ती काढून टाकली तर एक सुरेख चक्र उरेल, पण प्रवास उरणार नाही.

दुसरे कारण ध्वनीच्या प्रकृतीत आहे. ढोल, झांज, बास गिटार, पियानो ही सारी आघाताची वाद्ये. आघात झाला की त्यांचा ध्वनी जन्मतो आणि लगेच क्षीण होऊ लागतो. यंत्रातील ठेका तर अशा क्षणजीवी ध्वनींचीच माळ असते. गजाच्या वाद्याचा धर्म वेगळा. स्वर लावल्यानंतर तो वाढविता येतो, धरून ठेवता येतो, अर्ध्यात विरघळविता येतो. सतार आणि सारंगी ह्यांतील भेद ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावयास नको. आघाताच्या माळेमधील मोकळ्या जागा ह्या लांब स्वरांनी भरून निघतात, आणि एरवी कोरडे वाटणारे यंत्र श्वास घेत असल्यासारखे वाटू लागते.

जागेचाही प्रश्न आहे. नाचाच्या संगीतात खालचा प्रदेश सर्वस्वी बासच्या मालकीचा. बास गिटारीची जाडी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ कंपनांवर सुरू होते, व्हायोलाची सुमारे १३० वर, आणि चेलोची ६५ वर. म्हणजे व्हायोलिने बासच्या वाटेला कधीच जात नाहीत. वरचे सारे आकाश त्यांना मोकळे असते. चेलो मात्र खाली उतरला की बासच्या पायात पाय घालतो आणि दोघांचाही आवाज गढूळ होतो. म्हणून अशा गीतांचा जाणता संयोजक चेलोला त्याच्या वरच्या सप्तकात ठेवतो, किंवा बास थांबेल तेथेच त्याला खाली सोडतो. व्हायोलिनांचे दोन तट करून एकाला दुसऱ्याच्या वर एक सप्तक चढवून एकच ओळ वाजविण्याची युक्ती फार वापरली जाते. ढोलांच्या दणदणाटातूनही ती ओळ चमकत्या रेघेसारखी वेगळी ऐकू येते.

हे ज्ञान ब्रिस्टलमध्ये उपजले नव्हते. त्याचे मूळ अमेरिकेत, कृष्णवर्णीयांच्या 'सोल' संगीतात आहे. फिलाडेल्फिया शहरातील सिग्मा साउंड ह्या स्टुडिओत केनेथ गॅम्बल, लिऑन हफ आणि टॉम बेल ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांत नाचाचा ठेका आणि व्हायोलिनांचा ताफा ह्यांचा संसार सुखाने जमला होता. न्यूयॉर्कच्या 'शीक' ह्या गटाने त्याच दशकाच्या अखेरीस व्हायोलिनांकडून लांब स्वरांऐवजी तुटक, चिमटे काढल्यासारख्या ओळी वाजवून घेतल्या. तेथे व्हायोलिन हे जवळजवळ तालवाद्यच झाले.

ह्या सर्वांत अधिक खोल दृष्टीचा मनुष्य होता तो शिकागोचा चार्ल्स स्टेपनी. 'रोटरी कनेक्शन' ह्या गटासाठी आणि मिनी रिपर्टन ह्या गायिकेसाठी त्याने केलेली संयोजने आजही चकित करतात. रिपर्टनचा 'कम टू माय गार्डन' हा संग्रह १९७० सालचा, आणि 'आय ॲम द ब्लॅक गोल्ड ऑफ द सन' हे गीत १९७१ सालचे. स्टेपनीची व्हायोलिने गायिकेच्या मागे उभी राहून मान डोलावीत नाहीत. ती मध्येच बोलतात, प्रश्न विचारतात, कधी गाण्याला नको त्या दिशेला ओढतात. त्या काळी ह्या संग्रहांना फारसा ग्राहक मिळाला नाही आणि १९७६ साली, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, स्टेपनी निवर्तला. त्याची खरी वाहवा झाली ती आणखी वीस वर्षांनी, आणि तीही बव्हंशी लंडनमध्ये.

त्याचे कारण असे की १९८० नंतर लंडनमधील काही तबकडीवादक तरुण जुन्या बाजारांतून अशाच विस्मृत अमेरिकन तबकड्या हुडकून काढून नाचघरांत वाजवू लागले होते. त्याच सुमारास 'ॲसिड हाउस' नावाचे निव्वळ यंत्रनिर्मित नृत्यसंगीत इंग्लंडात बोकाळले होते. आपण वाजवितो ते जुने जॅझ आणि फंक ह्या लाटेपासून वेगळे दाखविण्यासाठी ह्या मंडळींनी थट्टेने 'ॲसिड जॅझ' हा शब्द घडविला. जाइल्स पीटरसन आणि एडी पिलर ह्या दोघांनी १९८७ मध्ये त्याच नावाची एक ध्वनिमुद्रिका-संस्था काढली, आणि थट्टेचे नाव कायमचे चिकटले. 'ब्रँड न्यू हेवीज', मॉरिशसमध्ये जन्मलेले ब्लूई मोनिक ह्यांचा 'इन्कॉग्निटो', आणि पुढे जगभर गाजलेला 'जमिरोक्वाय' हे गट ह्याच वर्तुळातले. जमिरोक्वायच्या १९९२ सालच्या पहिल्याच गीतात ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे फुंकवाद्य आणि व्हायोलिनांचा ताफा शेजारी शेजारी बसले आहेत. कर्मठ जॅझपंडितांनी ह्या साऱ्याला जॅझ म्हणण्याचे नाकारले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु स्टेपनीसारख्याला विस्मृतीतून वर काढण्याचे काम ह्या नाचणाऱ्या पोरांनी केले, पंडितांनी नव्हे. १९९७ साली 'न्यूयोरिकन सोल' ह्या न्यूयॉर्कच्या मंडळींनी 'ब्लॅक गोल्ड'ची नवी आवृत्ती केली, आणि लंडनच्या '४ हिरो' ह्या जोडीने २००१ साली रिपर्टनचे 'ले फ्लेर' पुन्हा सजविले. ४ हिरोची जोडी म्हणजे अतिद्रुत लयीच्या यांत्रिक नृत्यसंगीतातले अग्रणी. अशा माणसांनी खरा व्हायोलिन-ताफा बसवून स्टेपनीच्या रचनेला हात घालावा, ही त्या काळाची चाहूल होती.

आता यंत्राकडे वळावयास हवे, कारण व्हायोलिनांची नक्कल करण्याची यंत्राची हाव फार जुनी आहे. बर्मिंगहॅम येथे १९६३ साली तयार झालेल्या मेलोट्रॉन ह्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे, आणि त्यावर त्या स्वराचे खरे व्हायोलिन मुद्रित केलेले असे. पट्टी दाबली की फीत धावू लागे. सुमारे ८ सेकंदांनी फीत संपे आणि स्वर तुटे. १९७४ साली हॉलंडमध्ये निघालेली सोलिना ही पेटी निराळ्या तत्त्वावर चाले. तिच्यात ध्वनी विद्युत्‌मंडलांतून उत्पन्न होई आणि मग त्याच्याच किंचित मागेपुढे सरकणाऱ्या प्रतिकृती त्यात मिसळल्या जात. ह्या मिसळण्यात एक मर्म आहे. वीस व्हायोलिनवादक एकच स्वर वाजवितात तेव्हा कोणाचा स्वर केसभर चढा असतो, कोणाचा केसभर उतरलेला, कोणाचा गज क्षणभर आधी पडतो, कोणाचा नंतर. ह्या वीस सूक्ष्म चुकांच्या बेरजेलाच कान 'ताफा' म्हणून ओळखतो. सोलिनाने त्या चुकांचे अनुकरण केले, पण तिच्या चुका ठरावीक कालाने फिरून येत. मनुष्याच्या चुका फिरून येत नाहीत.

१९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या फेअरलाइट ह्या संगणक-वाद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या साठ्यात स्ट्राविन्स्कीच्या १९१० सालच्या 'फायरबर्ड' ह्या बॅलेतील वाद्यवृंदाचा एक कडाडता आघात ठेवलेला होता. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा ह्याने १९८२ साली 'प्लॅनेट रॉक' ह्या नृत्यगीतात तो वापरला, आणि मग दशकभर तो प्रत्येक नाचघरात आदळत राहिला. शंभर माणसांचा वाद्यवृंद अशा रीतीने एका पट्टीत कोंबला गेला. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या डेरिक मे ह्याने १९८७ साली केलेले 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' हे तर टेक्नो-संगीतातील मानबिंदू. त्याच्या नावातच 'तंतू' आहेत, पण तेथे प्रत्यक्ष गज एकही फिरलेला नाही. आहेत ते यंत्रातून फेकलेले स्वरांचे झपाटेदार तुकडे. गंमत अशी की ते तुकडे खऱ्या व्हायोलिनांचे सोंग आणीत नाहीत, म्हणूनच ते इतके जिवंत वाटतात. नकलेत कमीपणा येतो तो नक्कल लपविण्याच्या खटाटोपामुळे.

खरा ताफा आणि यंत्राचा ठेका एकत्र आणावयाचे म्हटले की पहिली अडचण वेळेची. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि मात्रेचा चौथा हिस्सा सेकंदाच्या एक अष्टमांशाचा. यंत्र हा हिशेब तिळभरही चुकू देत नाही. गजाने तारेला धरून स्वर पूर्ण उमलेपर्यंत मात्र काही अवधी जातोच, आणि वीस गजांचा तो अवधी एकसारखा नसतो. परिणामी व्हायोलिने ठेक्याच्या मागे रेंगाळल्यासारखी ऐकू येतात. स्टुडिओत वादकांच्या कानाला यंत्र लावून त्यातून मात्रांची टिकटिक ऐकविली जाते. पण तेवढ्याने सारे भागत नाही. वादकांना किंचित आधी गज टाकण्याची सवय करावी लागते, आणि संयोजकाला लिहितानाच ठरवावे लागते, की ही ओळ ठेक्याशी खिळवून ठेवावयाची की त्याच्यावरून तरंगत जाऊ द्यावयाची. मेलोन ह्यांनी 'अनफिनिश्ड सिंपथी'त दुसरा मार्ग पत्करला. तेथे लांब लांब स्वर ठेक्याच्या खांबांवरून ढगांसारखे सरकतात, आणि मागे राहण्याचा दोषच गुण होऊन बसतो.

ताफ्याचा आकार हा आणखी एक प्रश्न. आइसलंडच्या ब्यर्क ह्या गायिकेने १९९७ सालच्या 'होमोजेनिक' ह्या संग्रहासाठी आपल्या देशातील अवघे आठ वादक घेतले. तिला संयोजनात साहाय्य होते ब्राझीलच्या एऊमीर देओदातो ह्यांचे. रिचर्ड स्ट्राउसच्या 'झरथुष्ट्रा'ला १९७३ साली जॅझ-फंकचा साज चढवून देओदातो विख्यात झाले होते, आणि ॲसिड जॅझवाल्या मंडळींच्या दृष्टीने ते एक पूर्वसूरीच. आठ व्हायोलिन-चेलोंचा आवाज चाळिसांसारखा मऊ गालिचा होत नाही. प्रत्येक गजाची खरखर ऐकू येते. ज्वालामुखीच्या देशातील ह्या बाईने त्या खरखरीच्या शेजारी यंत्रांचे तडकणारे, फुटणारे ठेके ठेवले. 'योगा' ह्या गीतात मध्यंतरी ते ठेके जमीन दुभंगल्यासारखे उसळतात आणि वर आठ वादक निश्चलपणे आपली ओळ धरून राहतात. ह्या प्रकारातील अनेक तबकड्या कालांतराने शिळ्या झाल्या. ही झाली नाही.

सर्वच प्रयोग असे साधले, असे अर्थात म्हणता येणार नाही. १९९० नंतरच्या दशकात व्हायोलिने जोडणे ही एक फॅशन झाली, आणि ज्या गीतात सांगण्यासारखे काही नाही त्यावरही हा पाक ओतला जाऊ लागला. २००५ साली डेट्रॉइटचे जेफ मिल्स ह्यांनी फ्रान्समधील प्राचीन रोमन जलसेतूच्या सान्निध्यात माँपेलिएच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह आपल्या टेक्नो-रचना सादर केल्या. सोहळा भव्य होता. तरीही यंत्राने लीलया केलेली गोष्ट ऐंशी माणसांनी घाम गाळून करून दाखविण्यात कौतुकाचा भाग अधिक आणि संगीताचा भाग कमी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ब्यर्कचे नाव निघाल्यावर ह्या विषयाचा मुंबईशी असलेला संबंध सांगणे प्राप्त आहे. १९८९ साली लंडनच्या 'सोल टू सोल' ह्या गटाचे 'कीप ऑन मूव्हिंग' अतिशय गाजले. त्यातील व्हायोलिने मायकेल रायली ह्यांच्या 'रेगे फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा'ची होती. इंग्लंडमधील कृष्णवर्णीय वादकांना अभिजात वाद्यवृंदांत जागा मिळणे दुरापास्त असताना रायलींनी त्यांचा स्वतंत्र ताफा उभा केला होता. सोल टू सोलबरोबर काम केलेला नेली हूपर हा मूळचा ब्रिस्टलचा, मॅसिव्ह अटॅकच्या मंडळींचा जुना सोबती. त्यानेच पुढे ब्यर्कचा १९९३ सालचा 'डेब्यू' हा संग्रह केला. त्यातील 'व्हीनस ॲज अ बॉय' ह्या गीताला व्हायोलिने हवी होती. लंडनचे तरुण तबलावादक तल्विन सिंग ह्यांनी ती इंग्लंडात न मुद्रित करता मुंबईत, हिंदी चित्रपटांसाठी वाजविणाऱ्या वादकांकडून करवून घेतली. कान देऊन ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्याला ती तत्काळ ओळखू येतात. युरोपीय ताफा एका स्वरावरून दुसऱ्यावर पाऊल टाकतो. ही व्हायोलिने घसरत जातात. सारा ताफा एकाच ओळीत, मींड घेत, गायिकेच्या दोन चरणांमधील जागा भरीत जातो.

ही शैली घडविण्यात गोमंतकीय वादकांचा वाटा फार मोठा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनचे शिक्षण मिळे. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या ह्या वादकांकडे लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविण्याची विद्या होती. राग आणि मींड त्यांनी येथे आत्मसात केली. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील काही नावे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात एक मोठा वाद्यवृंद उभा करून, लता मंगेशकर आणि मन्ना डे ह्यांच्या साथीने, रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदशैली ह्यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर १९५२ पासून पंडित रविशंकर ह्यांनी वाद्यवृंदाचे जे प्रयोग आरंभिले होते, त्यांचेच हे निराळ्या वाटेने चाललेले भावंड म्हणावयास हरकत नाही. गोन्साल्विस ह्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांत एक मुलगा होता प्यारेलाल शर्मा. लक्ष्मीकांत कुडाळकर ह्यांच्याबरोबर त्याची जोडी पुढे जमली, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात गुरूचे नाव त्याने घरोघरी पोहोचविले.

संयोजकाला मोल किती आणि श्रेय किती, हा प्रश्न ह्या साऱ्या व्यवसायात पहिल्यापासून अवघड आहे. विल मेलोन ह्यांनीच १९९७ साली 'द व्हर्व्ह' ह्या इंग्रज गटाच्या 'बिटर स्वीट सिंफनी'साठी व्हायोलिने लिहिली. गीताचा गाभा मात्र अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्राच्या जुन्या तबकडीतून उचललेला होता. 'रोलिंग स्टोन्स' ह्या गटाच्या 'द लास्ट टाइम' ह्या गीताची १९६०-७० च्या दशकातील ती वाद्यवृंद-आवृत्ती. उचल परवानगीने झाली होती, पण परवानगीपेक्षा अधिक उचलले असा वाद निघाला, आणि व्हर्व्हच्या रिचर्ड ॲशक्रॉफ्टला आपल्या गीताच्या रचनेचे सारे उत्पन्न सोडून द्यावे लागले. रचनाकार म्हणून नावे लागली ती मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ह्यांची. २०१९ साली त्या दोघांनी आपले हक्क ॲशक्रॉफ्टला परत केले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या औदार्याची वाखाणणी केली. परंतु जगाला पाठ झालेली ती व्हायोलिनांची ओळ जॅगर-रिचर्ड्स ह्यांच्या गीतात तशी नाहीच. ती ओल्डहॅमच्या तबकडीसाठी डेव्हिड व्हिटेकर ह्या संयोजकाने रचलेली. बावीस वर्षांच्या ह्या देवघेवीत रचनाकार म्हणून व्हिटेकरचे नाव कोठेच नव्हते, आणि तो २०१२ साली निधन पावला होता.

मुंबईच्या वादकांवर जो प्रसंग आला तो ह्याहून वेगळा आणि अधिक निकडीचा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्यांच्या भरभराटीच्या काळात एखाद्या मोठ्या गीताला वादकांची संख्या शंभराच्या घरात जाई, आणि एकट्या व्हायोलिनांवर कित्येक कुटुंबे चालत. १९९० नंतर चित्र पालटले. ध्वनिमुद्रण टप्प्याटप्प्याने, एकेका वाद्याचे निरनिराळे होऊ लागले. एक कळफलक आणि एक संगणक एवढ्यात निर्मात्याला आख्खा ताफा मिळू लागला. व्हायोलिनवाल्यांना येणारी बोलावणी महिन्यागणिक कमी झाली. कित्येकांनी शिकवण्या धरल्या, कित्येकांनी हॉटेलांत व लग्नसमारंभांत वाजविणे पत्करले, आणि कित्येक मुलांच्या हाती व्हायोलिन द्यावयाचे नाही, असे ठरवून गप्प बसले. ज्या वर्षांत लंडनचे यंत्रसंगीतकार खऱ्या गजांसाठी मुंबईपर्यंत धाव घेत होते, नेमक्या त्याच वर्षांत मुंबईचा निर्माता त्या गजांची सुटी करीत होता. दोघांच्याही घरी यंत्र एकाच जातीचे होते. एकाला त्याची मर्यादा उमगली होती, दुसऱ्याला त्याची किंमत.

ह्या कथेला २००४ साली एक विलक्षण जोड मिळाली. अमेरिकेच्या ब्रिटनी स्पिअर्स ह्या गायिकेचे 'टॉक्सिक' हे गीत त्या वर्षी जगभर वाजले, आणि सर्वोत्कृष्ट नृत्य-ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिकही त्याला २००५ साली मिळाले. ते घडविणारे संगीतकार स्वीडनचे. त्याच्या आरंभी आणि मधूनमधून चाबकासारखी सपकन् फिरणारी व्हायोलिनांची जी तार सप्तकातील ओळ आहे, ती १९८१ सालच्या 'एक दूजे के लिये' ह्या चित्रपटातील 'तेरे मेरे बीच में' ह्या गीतातून उचललेली आहे. गायक लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम्, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्यांचे. मूळ गीतात ती ओळ हळव्या प्रेमाच्या पार्श्वभूमीवर येते. स्वीडनमधील कारागिरांनी तुकडे कापून, क्रम फिरवून, तिला विषाची धार आणली. माजोर्ड्याच्या गुरूकडून मुंबईच्या शिष्याकडे गेलेली विद्या अशा रीतीने स्टॉकहोममार्गे साऱ्या जगाच्या नाचघरांत पोहोचली.

'टॉक्सिक'च्या श्रेयनामावलीत कोणाकोणाची नावे असावीत ह्याचा निर्णय करण्यास ध्वनिमुद्रिका-संस्थांचे वकील होते. १९८१ साली मुंबईतील त्या स्टुडिओत ती ओळ वाजविण्यास एकूण किती गज उचलले गेले आणि ते कोणकोणाच्या हातांत होते, हे चित्रपटाच्या तबकडीच्या वेष्टनावर छापलेले नाही.